कॅशमध्ये दिले तर चालेल का गं?

अगं, एका महिन्यात किती गोष्टी काढल्यास तू! जुनी स्कूटर विकायची, तिच्या जागी सेकंड हँड वॅगनआर घ्यायची, पैसे थोडे कमी पडतात म्हणून आजीच्या पाटल्या मोडायच्या, आणि जाता जाता धाकट्याला वापरलेला मोबाइलही बघायचा. त्यात गाडीवाला म्हणतो, "ताई, कॅश द्या, दहा हजार कमी करतो." सराफ म्हणतो, कॅश मिळणार नाही. आणि नणंदेच्या मिस्टरांनी सांगून ठेवलंय की जास्त रोख दिलीस तर इन्कम टॅक्सवाले दारात येतील. डोकं भणाणणारच गं! बस जरा, पंखा लाव. एकेक धागा सुटा करू. ज्या बाईने तीन पोरांच्या परीक्षा आणि सासऱ्यांचं ऑपरेशन एकाच आठवड्यात निभावलं, तिला हे काही जड नाही.

आधी एकच गोष्ट मनात पक्की कर. नवी वस्तू घेतलीस की बिल मिळतं, वॉरंटी कार्ड मिळतं, काही बिघडलं तर भांडायला दुकान असतं. जुन्या वस्तूच्या वेळी यातलं काहीही हातात नसतं. समोर एक अनोळखी माणूस, त्याचा फोन नंबर आणि त्याचा शब्द. अशा वेळी पैसे कुणाच्या खात्यातून कुणाच्या खात्यात गेले, ही नोंद हेच तुझं बिल. म्हणून सरकारचा नियम काय आहे ते समजून घे, पण बँकेतून पैसे द्यायचे ते सरकारच्या भीतीने नकोस देऊ, स्वतःच्या सोयीसाठी दे.

आता नियम. 1 एप्रिल 2017 पासून प्राप्तिकर कायद्यात असं आहे की कुणीही एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एका व्यवहारापोटी, किंवा एकाच प्रसंगासाठी एका माणसाकडून 2 लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायची नाही. नीट वाच बघ, "घ्यायची नाही" असं आहे. दंड घेणाऱ्याला होतो, आणि जेवढे रोख घेतले तेवढाच दंड, म्हणजे सगळे पैसे गेल्यातच जमा. नणंदेच्या मिस्टरांना हे हळूच सांग. तू गाडी विकत घेताना धोका त्या गाडीवाल्याला आहे. पण उद्या तूच काही मोठं विकून रोख मोजून घेतलीस तर धोका तुला. आणि या महिन्यात तू विकत घेणारीही आहेस नि विकणारीही, म्हणून दोन्ही बाजू माहीत हव्यात.

हा नियम एकदम आकाशातून पडला नाही हं. काळ्या पैशाच्या तपासासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या न्यायमूर्ती एम. बी. शहा यांच्या पथकाने 2016 मध्ये 3 लाखांच्या मर्यादेची शिफारस केली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली (माझ्या रव्याच्या डब्यातून तेव्हा ज्या पाचशेच्या नोटा निघाल्या, त्यावरून सासूबाई अजून मला टोमणे मारतात). पुढच्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी 3 लाखांचाच आकडा मांडला आणि विधेयक मंजूर होताना तो 2 लाखांवर आला. आता 2025 चा नवा प्राप्तिकर कायदा आला, कलमांचे नंबर बदलले, पण ही मर्यादा आहे तशीच राहिली.

आता तुझी वॅगनआर. समज, सौदा 3 लाख 40 हजारांना ठरला. गाडीवाला म्हणेल, "आज 1 लाख 20 हजार द्या, रविवारी 1 लाख, राहिलेले बँकेत टाका." ऐकायला किती सोपं वाटतं! पण व्यवहार एकच आहे ना, गाडी एकच आहे. दिवस वेगळे केले म्हणून रोख रक्कम वेगळी होत नाही, ती 2 लाख 20 हजारच धरली जाते. थोडे तुझ्याकडून, थोडे नवरोबांकडून, हीसुद्धा पळवाट नाही, कारण गाडी तीच. एका व्यवहारात मिळून रोख रक्कम 2 लाखांच्या आत राहिली, तरच ती मर्यादेत. आणि बेअरर चेकने दिले तर ते रोखीतच जमा होतात बरं का. अकाउंट पेयी चेक, ड्राफ्ट, एनईएफटी, आरटीजीएस, आयएमपीएस, यूपीआय, हे सगळं चालतं.

मग त्या दहा हजारांच्या सवलतीचं काय, असं तू विचारशीलच. मला माहीत आहे, दहा हजारांत पोरांची वर्षभराची दप्तरं नि बूट होतात. पण गाडीवाला ते दहा हजार तुला उगाच सोडत नाही. त्याला व्यवहाराचा माग नको असतो. पुढची पायरीही ठरलेली असते, "कागदावर 2 लाख दाखवू, वरचे हातात द्या." आणि महिन्याभराने कळलं की गाडीवर बँकेचं कर्ज आहे, किंवा पुराच्या पाण्यात बुडालेली आहे, तर परत मागशील किती? कागदावर आहेत तेवढेच. हातात दिलेल्या पैशांना तोंड नसतं गं.

त्यापेक्षा घासाघीस कर, पण वस्तूवर कर. टायरच्या कडेला एका लंबगोलात चार आकडे असतात, ते वाकून वाच. 2219 लिहिलं असेल तर तो टायर 2019 सालच्या बाविसाव्या आठवड्यात तयार झालेला. पाच-सहा वर्षांचे चार टायर बदलायचे म्हणजे किती खर्च, ते गॅरेजवाल्याला विचार आणि तेवढे किमतीतून कमी करून माग. विमा कधी संपतो, बॅटरी कधी घातली, सर्व्हिसिंगची नोंद आहे का, हेही विचार. मी आधी सीट कव्हरचा रंग बघते, म्हणून आमच्या घरात मला एकटीला गाडी बघायला कधी पाठवत नाहीत. तू तसं करू नकोस. दहा हजार असे सरळ मार्गाने कमी होतात, शिवाय कुणाचे उपकारही राहत नाहीत.

पैसे पाठवायची तजवीज आधीच करून ठेव. यूपीआयने एका व्यक्तीला दिवसाला साधारण 1 लाखापर्यंतच जातात, त्यामुळे मोठी रक्कम एनईएफटीने किंवा आरटीजीएसने पाठव. आरटीजीएस 2 लाखांपासून पुढे चालतं, आणि 2020 च्या डिसेंबरपासून रविवारी, रात्रीसुद्धा होतं. खातं नव्याने जोडलंस तर बँक काही तास मोठी रक्कम पाठवू देत नाही, म्हणून आदल्या दिवशीच त्याचं खातं जोडून ठेव आणि एक रुपया पाठवून नाव जुळतंय का बघ. खातं आरसी बुकावर ज्याचं नाव आहे त्याचंच हवं, मेव्हण्याचं किंवा मित्राचं नको. आणि पाठवताना खाली शेरा लिहायला जी जागा असते ना, तिथे गाडीचा नंबर आणि "पूर्ण किंमत" किंवा "आगाऊ रक्कम" असं लिही. पाच सेकंदांचं काम, पण उद्या कुणी "ते पैसे उसने घेतले होते" असं म्हणायला लागला तर हाच शेरा कामाला येतो.

आता स्कूटर विकायची बाजू. तिचे चाळीस-पंचेचाळीस हजार येतील, ते कुणी रोख दिले तरी या नियमाचा काही संबंध नाही, निवांत घे. फक्त 5 हजारांच्या वरच्या रोख रकमेची पावती देताना एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टँप लाव आणि वर सही कर, म्हणजे पद्धतशीर होईल. कर भरावा लागेल का, ही तुझी दुसरी काळजी. घरच्या वापराची गाडी, फ्रिज, कपाट विकलं तर त्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. रद्दीवाला आणि भंगारवाला यांचे रोख पैसे तर विषयच सोड. तिथे फक्त त्याच्या काट्यावर लक्ष ठेव.

स्कूटरच्या बाबतीत पैशांपेक्षा कागद सांभाळ. गाडी दिलीस त्या क्षणी तारीख आणि वेळ घालून ताबा पावती लिही, घेणाऱ्याची सही घे, त्याच्या आधारची प्रत ठेव. तुझ्या बाजूने फॉर्म 29 आणि दोघांचा फॉर्म 30 भरून गाडी त्याच्या नावावर होईपर्यंत पिच्छा सोडू नकोस. एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. "दोन महिन्यांनी करतो की ताई" म्हणणाऱ्याला चावी देऊच नकोस. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव आहे तोच मालक, आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर, मधे गाडी कितीही हात फिरली असली तरी. वॅगनआरच्या वेळी हाच नियम तुझ्या बाजूने वापर. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 बघितल्याशिवाय सगळे पैसे सोडू नकोस. डीलरकडून घेणार असशील तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र आहे का ते विचार, 2023 च्या एप्रिलपासून ती व्यवस्था आहे.

आता पाटल्या. सराफ कॅश देत नाही म्हणून त्याच्यावर रुसू नकोस, त्यालाही त्याचं गणित आहे. धंदा करणाऱ्याने एका माणसाला एका दिवसात 10 हजारांपेक्षा जास्त रोख दिले, तर साधारणपणे तो खर्च त्याला हिशेबात दाखवता येत नाही, आणि त्या सगळ्या रकमेवर त्यालाच कर बसतो. जुन्या गाड्या घेणाऱ्या डीलरचंही हेच. म्हणजे ते तुला चेक देतात किंवा बँकेत टाकतात, यात तुझ्यावर अविश्वास नाही. उलट एखादा सराफ लाख-दीड लाख रोख काढून टेबलावर ठेवायला लागला, तर मला तरी जरा चमत्कारिक वाटेल. पाटल्या डोळ्यांसमोर वजनकाट्यावर ठेवायला लाव, टंच मशीनवर काढ म्हणावं, आणि घट किती धरली ते कागदावर लिहून घे. दोन दुकानं फिर. पहिल्याच दुकानात हो म्हणायची गरज नाही, भाजीलासुद्धा आपण तसं करत नाही.

"आजीच्या पाटल्यांची पावती कुठून आणू गं ताई?" कुणाकडेच नसते! 1994 च्या एका सरकारी सूचनेप्रमाणे प्राप्तिकराचा छापा पडला तरी विवाहितेकडचे 500 ग्रॅमपर्यंत, अविवाहितेकडचे 250 आणि पुरुषाकडचे 100 ग्रॅमपर्यंतचे दागिने सहसा जप्त करत नाहीत. तुझ्याकडे कोण छापा घालणार आहे, ते सोड, पण निदान रात्री झोप तरी लागेल. जीएसटीची भीतीही काढून टाक. 2017 च्या जुलैमध्ये घरातलं जुनं सोनं विकल्यावर 3 टक्के जीएसटी लागेल अशी बातमी पसरली होती, दुसऱ्याच दिवशी अर्थ मंत्रालयाने खुलासा केला की सामान्य माणसाने आपले दागिने विकले तर तो लागत नाही.

एक कर मात्र खरा आहे, तो लपवून चालणार नाही. दागिन्यांना गाडीसारखी सूट नाही. 24 महिन्यांपेक्षा जास्त जुने दागिने विकून झालेल्या नफ्यावर 12.5 टक्के कर आहे, आणि मोड देऊन नवीन दागिना केला तरी कायद्याच्या लेखी तू जुना विकलासच. आजीकडून आलेल्या जुन्या वस्तूची मूळ किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 चा बाजारभाव धरता येतो. बाकी हिशेब सीएला करू दे. पाचशे-हजार रुपयांसाठी स्वतःचं डोकं खाऊ नकोस.

हो, आणि एक राहिलंच. वहिनी म्हणाली ना, "माझ्याकडे 50 हजार पडून आहेत, घेऊन जा, सावकाश दे"? वहिनी सोन्यासारखी आहे, पण पैसे रोख घेऊ नकोस. उसने म्हणून 20 हजार किंवा जास्त रोख घेतले तर त्यालाही बंदी आहे, आणि इथेही दंड घेणारीला. परतफेडही तशीच बँकेतून कर. वहिनीला म्हण, खात्यात टाक, म्हणजे परत करायला मी विसरणार नाही. तिलाही बरं वाटेल. जुना फ्लॅट बघायची वेळ आली तर तिथेही हेच, 20 हजारांपासून पुढचा इसार रोख द्यायचा-घ्यायचा नाही.

धाकट्याच्या मोबाइलमध्ये रकमेचा प्रश्न नाही, वस्तूचा आहे. स्वस्त नि रोख म्हटलं की चोरीचा माल असण्याची शक्यता वाढते, आणि चोरीचा आहे हे माहीत असून किंवा तसं वाटण्यासारखं असून घेतलं तर तो गुन्हा आहे. फोन हातात घेऊन स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल कर. पडद्यावर 15 आकडी आयएमईआय नंबर येईल, तो बॉक्सवरच्या नंबराशी ताडून बघ. मग सरकारच्या संचार साथी पोर्टलवर टाकून फोन काळ्या यादीत तर नाही ना, ते तपास. दोन मिनिटं लागतात. विकणारा एवढ्यावर चिडला, तर फोन त्याच्या हातात ठेव आणि घरी ये.

खरं सांगू का, जगभर सरकारं जुन्या वस्तूंच्या रोखीमागे लागली, त्यामागे हीच चोरीची भानगड आहे. अमेरिकेत लुईझियाना राज्याने 2011 मध्ये जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांना रोखीने खरेदी करायला मनाई केली, कारण तांब्याच्या तारा नि धातूच्या चोऱ्यांनी लोक वैतागले होते. इंग्लंडमध्ये चर्चच्या छपरांचं शिसं आणि रेल्वेच्या केबली चोरीला जात, तेव्हा 2012 च्या डिसेंबरपासून भंगारवाल्यांनी रोखीने धातू घ्यायचा नाही असं ठरलं. आपल्याकडे कारण काळा पैसा असलं, तरी गोष्ट तीच. माग राहिला की लबाडाची पंचाईत होते. यात गैरसोय होते ती साध्या माणसांची, हे मला मान्य आहे. आपल्या शेजारच्या मावशी बँकेत पाऊल टाकायला घाबरतात, त्यांना जुना टीव्ही विकून मिळालेले पाचशेचे गड्डेच बरे वाटतात. पण मर्यादा एवढी वर आहे की मावशींच्या टीव्हीला ती कधी लागायचीच नाही.

बँकेतून पैसे म्हणजे सगळं सुरक्षित, असंही समजू नकोस हं. स्कूटरची जाहिरात टाकलीस की एखादा "मी लष्करात आहे, बदली झालीये, न बघताच घेतो" असा फोन करेल आणि क्यूआर कोड पाठवून म्हणेल, "स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." फोन ठेव ताबडतोब. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला. तसंच "पाठवले बघा" म्हणून दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर चावी देऊ नकोस, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली बघ. आणि चेक असेल तर वटेपर्यंत स्कूटर आपल्याच अंगणात.

आता शेवटचं, आणि हे मी जरा कडक आवाजात सांगणार आहे. गाडी कुणाच्या नावावर घेतेयस? पाटल्या तुझ्या, वहिनीकडचं उसनं तुझ्या शब्दावर, साठवणूक तुझ्या पगारातली. हे सगळं रोख गोळा करून नवरोबांच्या हातात दिलंस आणि त्यांनी गाडी घेतली, तर पाच वर्षांनी कुणाला आठवणार आहे पैसे कुणाचे होते ते? नवरोबा गोड आहेत, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पाटल्यांचे पैसे तुझ्या खात्यात आले, तिथून गाडीवाल्याकडे गेले, आणि आरसीवर तुझं नाव लागलं, की कुणी कुणाला काही आठवण करून द्यायची वेळच येत नाही. फॉर्म 30 वर सही तुझी. विमाही लगेच स्वतःच्या नावावर करून घे, त्याला 14 दिवसांची मुदत असते.

उद्या सकाळी पहिलं काम, त्या गाडीवाल्याला फोन कर आणि गोड आवाजात सांग, "दादा, पैसे बँकेतूनच येतील, खात्याचा नंबर पाठवा." तो नाही म्हणाला तर दुसरी वॅगनआर बघू, महाराष्ट्रात काही कमी नाहीत. आणि तुझं ड्रायव्हिंग लायसन्स काढून बघ गं, मुदत संपलेली असेल, मी पैजेवर सांगते.